कुंभारीचा एकच फणस

रत्नागिरीहून निघताना आईने बजावलं होतं, "सोलापूरच्या उन्हात डोक्यावर पदर घे." मी हसले होते. मंगळवेढ्याजवळ एसटी पंक्चर झाली आणि ते हसू जिरलं. मे महिना, दोन्हीकडे ज्वारी निघून गेलेली उघडी काळी रानं, सावलीला म्हणून एक बाभूळ. शेजारच्या बाईंनी तांब्यातलं पाणी पुढे केलं. "कोकणातल्या व्हय? मग हितं कशाला आलाव, भाजून घ्यायला?"

कुंभारीला माझी मैत्रीण महादेवी राहते. कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत होतो. आता दोघीही मास्तरणी. तिचं लिंगायत घर, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदतात. सासूबाईंना सगळे अव्वा (आई) म्हणतात. पाय धुवायला परसातल्या मोरीकडे गेले आणि थबकलेच. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं चक्क एक फणसाचं झाड उभं होतं! खोडाला, हात पोचेल इतक्या उंचीवर, एकच फळ.

अव्वांचं माहेर कर्नाटकातल्या शिरसीकडचं, दाट रानातलं. पंधरा वर्षांपूर्वी तिथून शेवटचं येताना त्यांनी ओटीतून आठळ्या (फणसाच्या बिया) आणल्या. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं फणसाला मानवत नाही, म्हणून जागेवरच पुरल्या. एकच उगवली. दुष्काळात अव्वा स्वतः एक दिवसाआड अंघोळ करत, झाडाला मात्र रोज पाणी. हे त्याचं पहिलं फळ. त्याच्या गऱ्यांचा हलसिन कडुबु (आपलं सांदण, तांदळाच्या रव्यात फणसाचा रस घालून वाफवलेलं) करून नातींना खायला घालायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"माज्या आईच्या हातचं कसं लागायचं, ते पोरींना कळू दे की," अव्वा म्हणाल्या. "माज्या कानाला आता त्याचा आवाज कळत न्हाय. बाई, तुमी फणसाच्या मुलखातल्या. सांगा की, झालाय का?"

खरं सांगायचं तर आमच्याकडे फणस थापटून पाहायचं काम गड्याचं. मी आयत्या पानावर बसणारी. पण कोकणातली म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ऐटीत चार थापट्या मारल्या, कान लावला, मान डोलावली आणि म्हटलं, "झालाय. काढा." शुक्रवारी मला परतायचं होतं आणि सांदणाच्या नावानेच तोंडाला पाणी सुटलं होतं, हेही कबूल करते.

अव्वांनी विळ्याने देठ कापला. फळ गोणपाटात गुंडाळून कडब्यात ठेवलं. तांदूळ धुऊन वाळवले, रवा काढला, सोलापुरातून केळीची पानं मागवली. रोज सकाळी त्या गोणपाटाला नाक लावून बघायच्या. चार दिवस गेले तरी वास सुटेना. शेवटी शुक्रवारी सकाळी फोडला. आत पांढराफटक, अजून कोवळाच, चिकाने नुसते हात माखले.

 निदान तेव्हा तरी "चुकलं माझं" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "अव्वा, या मातीत तो पिकायचाच नाही. इथल्या हवेचाच दोष."

"व्हय?" अव्वा एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला घालून त्याची भाजी केली, सोबत कडक भाकरी. ती इतकी झकास झाली होती की मी दोनदा मागून घेतली. आज त्याची लाज वाटते.

घरी आले तेव्हा आमच्या परसात फणस पिकून पडत होते आणि गुरंही ते हुंगून सोडत होती. परक्या मुलखात गेलं की आपल्या गावाचा तोरा मिरवायला काही लागत नाही. तो कोणाला भोवतो ते मागाहून कळतं. अव्वांना खरं काय ते लिहावं असं रोज वाटे. शाळा सुरू झाली, राहून गेलं.

दिवाळीत महादेवीचं पत्र आलं. मोरीजवळ गोठा बांधायचा होता. इतकी वर्षं अव्वा झाडाला कोणाला हात लावू देत नव्हत्या. या खेपेला स्वतःच म्हणाल्या, "तोडा. बाई म्हनल्या न्हवं, हितं पिकत न्हाय." झाड तोडूनही झालं होतं.

मी त्याच दिवशी सगळं खरं लिहून पाठवलं. महादेवीचं उत्तर चार ओळींचं होतं. "तुझं पत्र अव्वांना वाचून दाखवलेलं नाही. झाड बिनकामाचं होतं म्हणून तोडलं, असं त्या मनाशी धरून बसल्यात. तेवढं समाधान तरी त्यांच्याकडे राहू दे."