मांडवातली पाचवी

"मॅडम, शाळा सुरू आहे का बंद?" गटशिक्षणाधिकारी साहेबांनी फोनवर विचारलं.

"उघडी आहे, सर."

"म्हणजे सुरूच ना?"

"उघडी आहे," मी पुन्हा तेच म्हणाले.

संपाचा तिसरा दिवस होता. युसूफ वडगावच्या अलीकडं आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, एकशे बारा मुलं आणि मी एकटी मुख्याध्यापिका. बाकीचे चौघे शिक्षक देशव्यापी संपात सामील होऊन केजला तहसील कचेरीसमोर मांडवात बसले होते. मागणी जुन्या पेन्शनची. माझी भरती जुनी, मला ती पेन्शन आहेच. मुलांची खिचडी बंद पडू नये म्हणून मी शाळा उघडावी, हे त्या चौघांनीच ठरवलं होतं. "मॅडम, तुम्ही खिचडी सांभाळा, आम्ही भविष्य सांभाळतो," असं ढाकणे सर जाताना म्हणाले.

खिचडी खरं तर शबानाभाभी सांभाळायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौथीचा वर्गही सांभाळायला घेतला. चुलीसमोर पोरं बसवून पाढे म्हणून घेत होत्या. मधेच मला हाक मारली. "मॅडम, सतरा साती किती? पोट्टे येगयेगळं सांगायलेत, अन् मला तर यकबी पटंना."

मी एकशे एकोणीस सांगितलं आणि पाचवीच्या वर्गात गेले. खरी अडचण तिथं होती. रविवारी शिष्यवृत्ती परीक्षा. सहा मुलं बसणार होती, त्यांची तयारी ढाकणे सरांनी वर्षभर करून घेतली होती. या परीक्षेत बुद्धिमत्ता नावाचा पेपर असतो. त्यात आकृत्या, कोडी असलं काय काय येतं. माझा विषय मराठी. सानिया नावाची मुलगी वही घेऊन समोर उभी राहिली.

"आरशात घड्याळ पावणेचार दाखवतंय. मग खरे किती वाजले?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ करून बघितलं. मान वाकडी करून बघितलं. शेवटी म्हणाले, "आरसा काढून टाका, सरळ दिसेल."

सानिया हसली नाही. "मॅडम, परवा पेपर हाय," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग मलाही हसू येईना.

तिचे अब्बा युसूफभाई टमटम चालवायचे. त्यांना बोलावून अडचण सांगितली, तर लेकीला म्हणाले, "कावून रडायली? सर केजातच बसलेत ना? चला की." उरलेली शाळा अंगणवाडीच्या ताईंच्या भरवशावर सोडून मी सहा मुलांसह टमटममध्ये बसले.

मांडवात चाळीसेक शिक्षक सतरंजीवर बसले होते. मुलांना पाहून ढाकणे सर उभेच राहिले, पण लगेच खाली बसले.

"सर, हे गणित," सानियानं वही पुढं केली.

"बाळा, मी संपावर हाय." त्यांनी हात मागं घेतले. चेहरा मात्र असा, की कुणीतरी ताट पुढं करून उपासाची आठवण करून दिलीय.

"मॅडम, हे बरं न्हाई," ते मला हळूच म्हणाले. "इथं शिकवलं तर लोक म्हणतील ढाकण्यानं संप फोडला."

"मी कुठं शिकवा म्हणतेय? पोरं घोषणा ऐकायला आलीत."

सानियाला हे राजकारण कळत नव्हतं. तिनं तिथंच उभं राहून गणित मोठ्यानं वाचलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "साडेआठ."

तालुकाध्यक्ष कदम सर माईकवर भाषण करत होते. तेही गणिताचेच शिक्षक. भाषण थांबलं.

"कोण म्हणालं साडेआठ? सव्वाआठ! बारातून पावणेचार वजा करा. काय शिकवता रे पोरांना?"

हे सगळं माईकवरून तहसील कचेरीपर्यंत गेलं. आधी हशा झाला, मग टाळ्या. कदम सर लाजले. मग माईक बंद करून म्हणाले, "संप शाळेत हाय. मांडवाबद्दल वर काई ठरल्यालं न्हाई."

एवढं ऐकायचाच अवकाश. ढाकणे सरांनी निषेधाचा फलक उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढायला बसले. एका मुलामागं सहा-सहा शिक्षक! इतकी चांगली शाळा मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गावांतून मुलं आली.

दुपारी साहेबांचा फोन. "मॅडम, तुमची पाचवी कुठाय?"

"संपावर आहे, सर."

संप पुढच्या आठवड्यात समिती नेमण्याच्या आश्वासनावर मागं घेतला गेला. समितीचं अजून कळायचंय. सहापैकी चौघं परीक्षेत पात्र ठरली, सानियाला शिष्यवृत्ती मिळाली. ढाकणे सर पेढे घेऊन आले.

मला बक्षीस म्हणून कारणे दाखवा नोटीस आली. विनापरवानगी मुलं तालुक्याला का नेली, याचा लेखी खुलासा मागितला होता. मी दोन पानं मनापासून लिहून घेऊन गेले. कार्यालयातल्या क्लार्कनं ती वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"मॅडम, लई खरं लिव्हलंय. 'क्षेत्रभेट' लिव्हा की."

मी एकच शब्द लिहून सही केली. खुलासा मान्य झाला. सरकारी कागदावर आपली बाजू मांडताना एका शब्दाच्या पुढं जाऊ नये, हे मला तेव्हा कळलं. निवृत्तीला सात महिने उरले होते.