चूलबंद आवतण

कमलाबाईंची आणि माझी ओळख एका शेगडीवरून झाली. मलेशियातल्या जोहोरच्या समुद्राकाठी मोटरहोमवाल्यांचा, म्हणजे चाकांवरच्या घरातून फिरणाऱ्यांचा, मेळावा भरला होता. गाड्या बनवणारी कंपनीच तो दरवर्षी भरवते. आम्ही हौशी मंडळी सिंगापूरहून पूल ओलांडून तिकडे जातो, तीन दिवस माळावर गाड्या लावून राहतो आणि एकमेकांच्या गाडीतली कपाटं उघडून बघतो. मी गाडीबाहेर शेगडीशी झटापट करत होते. शेजारच्या गाडीतून सुती नऊवारीतली एक बाई उतरली, "सरक बाई," म्हणाली, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून बर्नरची भोकं साफ केली आणि शेगडी पेटवून दिली.

ती त्या गाडीच्या मालकाची, उज्ज्वलची, आई. मूळची वर्ध्याकडची, आता मुलाकडे सिंगापुरात आंग मो किओला, चौदाव्या मजल्यावर. उज्ज्वल कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत, सून ऋचा रॅफल्स प्लेसच्या बँकेत, नात आर्या शाळेत. सकाळी सगळे गेले की संध्याकाळपर्यंत ही आणि टीव्ही. नातीला खायला विचारलं तर ती इथल्या इंग्रजीत म्हणते, "नो नीड लाह, आजी." एकदा कमलाबाई एकट्या खाली उतरल्या, सगळ्या इमारती सारख्याच दिसल्या आणि शेवटी कुणीतरी घरी आणून सोडलं. तेव्हापासून ऋचाने बजावलं आहे, एकटं खाली जायचं नाही. प्रेमानेच बजावलं, पण कडी ती कडीच.

म्हणून मेळाव्याचे तीन दिवस त्यांचे. तिथे मिसेस टॅन भेटत. मिसेस टॅन म्हणजे एका जुन्या, कुरकुरणाऱ्या गाडीच्या मालकाची बायको, वयाने यांच्याएवढीच. एकीला चिनी येत नाही, दुसरीला मराठी नाही. दोघी बुटक्या स्टुलांवर बसून शेंगा सोलायच्या आणि आपापल्या भाषेत सुनांबद्दल बोलायच्या. सुनांबद्दलच बोलत असणार, कारण हसू दोघींना एकाच वेळी यायचं. कमलाबाई भाकरी थापायच्या, मिसेस टॅन ठेचा खाऊन डोळे पुसायच्या आणि पुन्हा हात पुढे करायच्या. पाच वर्षं हे असंच. पुढे वर्षभर कमलाबाई "माझी मैत्रीण" म्हणून तिच्याच गोष्टी सांगायच्या.

कंपनीला मात्र साधेपणा सोसवेना. आधी मंडप आला, मग स्टेज, मग सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, आणि दरवर्षी फी चढत गेली. तरी ती गाडीमागे होती. गाडीत मावतील तेवढी माणसं न्या, कुणी विचारत नव्हतं. यंदा पत्र आलं की फी माणशी, जेवण हॉटेलचं आणि ते घ्यावंच लागेल, स्वतःची शेगडी पेटवायला बंदी. पण मेळाव्याला गाडी आली नाही तर वर्षभराची फुकट सर्व्हिस गेली. उज्ज्वलच्या गाडीचं कर्ज अजून फिटायचं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्याने ते पत्र वाचलं तेव्हा मी त्यांच्याच घरी चहाला होते. आकडा ऐकून ऋचाने चौघांचा हिशेब मांडला. मला कंपनीचा असा राग आला की चहा तसाच राहिला.

"मंग यंदा चूलबंद नाही का?" कमलाबाईंनी विचारलं.

आर्याने मान वर केली. त्यांनी तिला समजावलं, "आमच्या वस्तीत बाबासाहेबांच्या जयंतीचं आवतण चूलबंद राहे. अख्खं घर जेवाले जाये, त्या दिवशी घरात चूल पेटत नव्हती. अन् कुणाची ऐपत नसली तर उंबऱ्यामागं एक. मंग एकानं जायचं, बाकीच्यांनी घरी चूल पेटवायची."

"आई, तू चल. आम्ही करू काहीतरी," उज्ज्वल म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"माझे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या."

गुडघे दुखत नव्हते. आदल्या आठवड्यात मी त्यांना जमिनीवर मांडी घालून लसूण सोलताना पाहिलं होतं. पण उज्ज्वलने मान डोलावली, कारण त्यालाही तेच हवं होतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

माझ्याकडे त्यांनी ठेच्याची बाटली दिली. "तिले दे. म्हण, पुढच्या साली येतो."

मेळाव्यात मी टॅनची गाडी शोधली. म्हातारा एकटाच पायरीवर बसला होता.

"मॅडम कुठे?" मी इंग्रजीत विचारलं.

"नॉट कमिंग लाह. माणशी पैसे म्हटल्यावर ती म्हणाली, तू जा, मी घरी बसते. गुडघे दुखतात म्हणे."

"घरी म्हणजे कुठे?"

"सेरंगून."

मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. आंग मो किओहून सेरंगून म्हणजे बिशानला मेट्रो बदलून जेमतेम तीन स्टेशनं. पाच वर्षं आम्ही सगळे शेजारी उभे होतो, आणि कुणाच्या गाडीला कुठला पंखा आहे ते मला तोंडपाठ होतं. बाई राहते कुठे, हे एकानेही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. म्हाताऱ्याचा नंबर घेतला आणि बाटली परत आणली.

परतल्यावर तडक कमलाबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"किती दूर म्हणालीस?"

"तीन स्टेशनं, काकू. अर्धा तास धरा."

"म्हणजे ती तिकडे कोंडलेली, मी इकडे. अन् भेटाले आम्ही परमुलखात जात होतो." आवाज चिडलेला होता. इतकं चिडलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "एवढी शिकलेली माणसं तुम्ही."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, ज्वारीच्या पिठाचा डबा उघडून आत हात घातला, पीठ पुरेल का ते पाहिलं. मग पिठाच्याच हाताने माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

"लाव तिले. सांग, रविवारी जेवाले या. म्हातारा, पोरगा, सून, सगळे या." डब्याचं झाकण लावता लावता त्या थांबल्या. "अन् नीट सांग, चूलबंद हाये."