आईने उसवलेली गोधडी

परवा दुपारी ऑफिसचा कॉल संपवून बाहेरच्या खोलीत आले, तर आई खिडकीशी बसून गोधडी उसवत होती... तिनेच शिवलेली.

आधीचं थोडं सांगते. माझी मनू तीन वर्षांची. साधी सर्दी झाली तरी तिची छाती वाजायला लागते, बोलताना शब्द अर्ध्यात तुटतो. वर्षभर हेच चाललंय.

गेल्या आठवड्यात ब्लड रिपोर्ट आला. अ‍ॅलर्जीचं आयजीई खूप वाढलेलं, आणि सगळ्यात जास्त अ‍ॅलर्जी अंथरुणा-पांघरुणाच्या धुळीतल्या बारीक किड्यांची. ती पांघरते काय, असं नारायण पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी विचारलं. नवरा कौतुकाने म्हणाला, आजीची जाड गोधडी, खोकला आला की आम्ही नाकापर्यंत ओढून देतो.

"अहो, मी बरं करायचं आणि तुम्ही रोज आजारी पाडायचं, असं किती दिवस चालवायचं?" डॉक्टर म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

आई अकोल्याची, सध्या आमच्याकडेच असते. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेलीय. ही गोधडी तिने बोटांनी चाचपत शिवली, आता दुसरी होणार नाही हे तिलाही माहीत होतं. कोणत्या तोंडाने सांगणार? मी ती कपाटात मागे कोंबली आणि धुवायला दिलीय अशी थाप मारली.

पण मनूच्या पोटात काही राहतं का... तिने आजीला सगळं सांगितलं, कपाटही दाखवलं.

"काहून लपवलं बाप्पा? पोरीचा श्वास मोठा का माह्या हातचे टाके?" आई म्हणाली. गोधडीचे पदर सुटे करून एकेक उकळत्या पाण्यातून काढायचा, पोरीला एकेरी कापड पुरे, असं तिनेच ठरवलं होतं.

सगळ्यात आतला थर बाबांच्या धोतराचा निघाला. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आईने ते हाताने ओळखलं, गालाला लावून थोडा वेळ बसली. मी म्हटलं, हे तुझ्यापाशी ठेव.

"नाही. हेच मऊ हाय," ती म्हणाली. "हे बी उकळ."

मी ते उकळलं... गॅसपाशी उभी राहून खूप रडले.

आता मनू ते धोतर पांघरते. श्वासाच्या औषधाचा पंप चालूच आहे, छाती अजून कधीकधी वाजते. आई तिच्या छातीवर हात ठेवून बसते, आणि छाती वाजत नाही अशी खात्री झाली की मगच जेवायला उठते.