नारळ छाप

वनमाला मसाला भाजायला बसली की घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोल्यांच्या अख्ख्या ओळीला ठसका लागायचा. शेजारची सुगंधा नाकाला पदर लावून दारातून ओरडायची, "वनमाले, मारतेस काय गं आम्हाला!" आणि संध्याकाळी हीच सुगंधा वाटी घेऊन हजर. मसाला होताच तसा, कुडाळकडच्या सासूच्या हाताखाली शिकलेला. पण वनमालेला आता त्याचं कौतुक उरलं नव्हतं. कांडप यंत्रावरून डबा डोक्यावर घेऊन टेकडी चढताना दर खेपेला वाटायचं, इथेच बसावं आणि उठूच नये. पण घरात बसून राहायचं काम आधीच एकाने पत्करलं होतं.

तो तिचा नवरा, गुणाजी. ब्याऐंशीच्या संपाआधी परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होता. तागा घडी होऊन आला की त्यावर गिरणीची छाप मारायची, समोरासमोर दोन मोर, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हटलेलं मात्र त्याला खपायचं नाही. गिऱ्हाईक कापड बघतच नाही, मोर बघतं, असं तो सांगायचा. बावीस वर्षांत आपली एक छाप वाकडी बसली नाही, हेही सांगायचा, बारशाला सांगायचा आणि मयतीलाही सांगायचा. संप सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पितळी ठसा चिंचेने घासायला म्हणून त्याने घरी आणला होता. मग फाटकच बंद झालं, ठसा घरातच राहिला. संप मिटला की नाही हेसुद्धा कुणी धड सांगितलं नाही. गुणाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागला, त्याला आता चौथं वर्ष चाललं होतं. वनमाला आधी रागावली, मग रडली, मग दोन्ही सोडून दिलं. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो.

घाटकोपर स्टेशनाजवळ जयंतीशेठचं किराणा दुकान होतं. त्याने एकदा तिचा मसाला चाखला. "मसाला फर्स्ट क्लास, बाई. दुकानात ठेवतो. पण असा कागदाच्या पुडीत नाय चालणार. मार्का पाहिजे. गिऱ्हाईक परत आला तर मागणार काय, वनमालाबाईचा?"

मागू दे की, असं तिला मनातून वाटलं.

घरी येऊन तिने सहज ही गोष्ट सांगितली, आणि गुणाजी खाटेवर उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. तिसऱ्या दिवशी तो बाजारात जाऊन दुकानांसमोर उभा राहिला, पुडे आणि डबे न्याहाळत. मग जेवताना त्याचं सुरू झालं. वाघ नको, वाघ काडेपेटीवर शोभतो. जहाज नको, जहाज बुडतं. देव तर मुळीच नको, रिकामी पुडी गटारात जाते, लोकांच्या पायाखाली येते, पाप कुणाला? बोलता बोलता तो एक भाकरी जास्त खायचा. वनमाला नुसती ऐकत बसायची. छाप वाघाची असो नाहीतर उंदराची, हा माणूस असाच उठता-बसता राहो, याहून तिला काही नको होतं.

महिन्याभराने एका संध्याकाळी ती घरी आली, तर खाटेवर, जमिनीवर, फळीवर कोऱ्या पिशव्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर निळ्या शाईत दोन मोर.

"अहो, ही तर गिरणीची."

"माझीच छाप ती गो," गुणाजी म्हणाला. "बावीस वर्सां मीच मारलंय."

तिला शंका आली होती. पण त्याचा चेहरा पाहून तिने ती गिळली. चूक केली.

जयंतीशेठने पिशवी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. "गुणाजीभाई, हा तर मिलचा मार्का."

"मिल बंद आहे, शेठ."

"मिल बंद. मार्का मालकाचाच ना. रजिस्टर असणार. उद्या वकिलाची नोटीस आली तर मी काय सांगू?"

"छाप मी मारायचो."

"मारायचे ना. पगार पण घ्यायचे ना." शेठ हे वाईटपणाने बोलला नाही. खरं तेच बोलला, म्हणूनच ते जास्त लागलं. "कोकणातले ना तुम्ही? नारळ टाका. नारळ छाप. माझ्या प्रेसवाल्याकडे ब्लॉक तयार आहे."

गुणाजीचं महिनाभराचं काम शेठने गिऱ्हाइकाला सुट्टे परत देता देता उरकलं. मसाल्यात नारळाचा कणही नव्हता. वनमाला दमली होती, ती हो म्हणाली. गुणाजी तिच्या पुढे चालत घरी गेला आणि भिंतीकडे वळून पडला.

नारळाचे छापील कागद आले, तेव्हा पिशव्या चिकटवायला मात्र तो आपण होऊन उठला. खळीचं भांडं घेऊन कोपऱ्यात तिच्याकडे पाठ करून बसायचा. ती मसाला भरायची. आनंद मानावा की नाही, हे तिला कळत नव्हतं.

एका दुपारी भरता भरता एक पिशवी तळाशी उकलली. खळ लावून आत दुमडलेल्या पट्टीवर, मसाला लागणार नाही, कुणाला दिसणार नाही अशा जागी, निळे दोन मोर होते. तिने दुसरी उकलली. तिच्यातही होते. तिसरीतही.

तिला आधी भयंकर राग आला. शेठने पाहिलं म्हणजे? असलेल्या धंद्याचीही वाट लागायची! तिने मान वर केली. गुणाजी खळीचा ब्रश हातात धरून मागे वळून तिच्याकडे बघत होता, चोरी करताना सापडल्यासारखा. तिने पुन्हा पट्टीकडे पाहिलं. चोरून, घाईघाईत मारलेले मोर कलले होते. एक वर, एक खाली. बावीस वर्षांत एकही वाकडी न बसलेली छाप.

उकललेल्या पिशव्या तिने त्याच्यापुढे सरकवल्या.

"वाकडे बसलेत," ती म्हणाली. "सरळ मारा."