आईच्या पलंगाखालचं लोखंड

आमच्या ह्यांचा स्वभाव कसा, असं कुणी विचारलं तर मी सांगते, चांगला आहे, फक्त जळका आहे. जळायला त्यांना मोठं कारणही लागत नाही. शेजारच्या टायरवाल्याने नवी पाटी लावली तरी ह्यांना जेवण जात नाही. पण हा माणूस किती जळू शकतो हे मला कळलं ते ह्यांच्या धाकट्या साडूंनी जुनी मोटारहोम आणली तेव्हा. आणि जळत होते कशापायी? गाडीपायी नव्हे, माझ्या आईपायी. जगात सासवा जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे एक जावई सासूवरून दुसऱ्या जावयाचा हेवा करत होता.

ह्यांचा धंदा गंजाचा. घराला लागूनच वर्कशॉप, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. गाडी वर उचलायची, खालच्या चॅसिसचा गंज खरवडून काढायचा आणि पुन्हा चढू नये म्हणून जाड काळा लेप द्यायचा. गल्लीत सगळे गंजमास्तर म्हणतात. गाडी वरून कशी दिसते याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हासुद्धा माझ्याशी बोलायचं सोडून जिन्याचा कठडा नखाने खरवडत उभे होते. बाबांनी कपाळावर हात मारला. आई तेवढी म्हणाली, "असू दे. मुलगा खालपर्यंत बघतो."

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, जन्मभर माणसं आवाजावरून ओळखली. आता डोळे अधू झाले, वाचन सुटलं, म्हणून ती वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसायची. हे गाडीखालच्या खड्ड्यात उतरून हातोडीने लोखंड ठोकत जायचे. लोखंड चांगलं असलं की ठण्ण वाजतं, कुजलेलं असलं की भद्द. थोड्याच दिवसांत त्यांचा खेळच होऊन बसला. हे ठोकून गप्प राहायचे आणि आई बाहेरून निकाल द्यायची, "ठणठणीत!" नाहीतर, "गेलंय हो हे, जावईबापू." ती चुकली की हे खूष, बरोबर आली की जास्तच खूष. घरात माझ्याशी चार शब्द बोलायचे तर दोघंही दमलेले असायचे, आणि तिथे मात्र गप्पांना खळ नाही. मलाही राग यायचा, खोटं कशाला बोलू? आई माझी, नवरा माझा, आणि मी तेवढी चहापुरती.

अशात माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान ती गाडी घेऊन दारात उभे राहिले. धाकटे जावई बोलायला भारी गोड. विम्याच्या कंपनीत जन्म गेला, दगडालाही पॉलिसी विकतील. गाडी ट्रकएवढी, पांढरी, वीसेक वर्षांची. आत शेगडी, बेसिन, घडीचं टेबल आणि अगदी मागे खिडकीशी एक पलंग. आम्ही तिला घरगाडी म्हणायला लागलो.

"दादा, खालून एकदा पक्की करून द्या," ते ह्यांना म्हणाले. "मग आम्ही समुद्राकाठाने फिरणार. आईंनाही नेतोय. हा मागचा पलंग त्यांचाच. फिरून झालं की राहतील आमच्याकडेच."

आईने गादी हाताने चाचपून पाहिली. तिच्यावर बसली, पडदा मागेपुढे ओढला आणि मला म्हणाली, "समुद्र मला आता दिसायचा नाही गं. पण ऐकू तर येईल." किती दिवसांनी अशी हसताना पाहिली मी तिला.

ह्यांनी मात्र एकच विचारलं. "राहतील म्हणजे किती दिवस?"

"बघू की," धाकटे जावई म्हणाले.

त्या 'बघू'ने आमच्या घरातलं स्वास्थ्य गेलं. आई समुद्रावर जाणार, याचं ह्यांना काही नव्हतं. ती परत येणारच नाही, या धास्तीने त्यांना घेरलं.

पहिल्याच दिवशी हे खड्ड्यातून वर आले ते लॉटरी लागल्यासारखे. "कुजलीय! मागच्या चाकांचं पाणी उडून उडून आडवी पट्टीच खाल्लीय. बरोब्बर आईंच्या पलंगाखाली!" आता सांगा, अशी बातमी कुणी हसत सांगतं का? पण गंज खरा होता. आईनेही आवाज ऐकून "गेलंय" म्हटलं होतं. ह्यांनी तो तुकडा कापून काढला, नवं लोखंड वेल्डिंग करून बसवलं. इथवर सगळं रीतीला धरून होतं.

पुढे मात्र काम सरेना. रोज नवा डाग सापडायचा. जिथे वायर ब्रश पुरे, तिथे ग्राइंडर चालायचा. साडूंचा फोन आला की ह्यांचं उत्तर तयार. "जुनी गाडी आहे. ओल्या गंजावर काळं फासून देणारे बाजारात पुष्कळ आहेत. आत पाणी कोंडतं आणि लोखंड लेपाखाली गुपचूप सडतं. तसं हवंय का?" यावर विमेवाला काय बोलणार? आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर गंमत.

जेवताना ताटाबरोबर साडूही वाढलेले असायचे. "त्याला साधा जॅक लावता येत नाही, आणि म्हणे आईंना फिरवणार!" "त्या बाथरूमचा उंबरा बघितलास? आई अडखळल्या म्हणजे?" "पडदे काय, गुलाबी!"

मी म्हटलं, "एवढं पोटात दुखतंय तर तुम्हीही जा ना बरोबर. ते कितीदा म्हणाले, तुम्हीही चला."

"मी? त्याच्या गाडीत?" असा काही तिळपापड झाला की भात तसाच टाकून उठले.

आईने पहिल्याच आठवड्यात बॅग भरून ठेवली होती. रोज ती बॅगेची चेन हाताने तपासून बघायची. मग गारठा वाढला म्हणून तिने शाल बाहेर काढली, नंतर स्वेटर. बॅग अर्धी झाली. धाकटीने फोनवर सांगितलं की थंडी वाढली तर आईला गाडीत झोपवणं नको, बेत पुढल्या वर्षावर टाकावा लागेल. आई म्हणाली, "पुढल्या वर्षी मी असेन तर." त्या दिवशी तिने खुर्चीवरून एकही निकाल दिला नाही. ह्यांनी दोनदा मुद्दाम ठोकलं, तरी गप्प.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीत भांडी पुसत होते. खड्ड्यातून आवाज आला, ठण्ण. लगेच ग्राइंडर सुरू झाला.

"बंद करा तो," आई म्हणाली. तिने असं कधी अडवलं नव्हतं. ग्राइंडर थांबला. "परत मारा बघू हातोडी."

ठण्ण.

"जरा पलीकडे."

ठण्ण.

"अजून पुढे. हं, तिथे."

ठण्ण.

"जावईबापू, हे तर घंटेसारखं वाजतंय. मग तासताय काय इतके दिवस?"

 मग हे शिडीने वर आले. चष्म्याची जागा सोडून सगळं तोंड काळं झालेलं. मला वाटलं, आता देतील काहीतरी ठोकून, गंजाची बाराखडी त्यांना पाठ आहे. पण ते आईसमोर उभे राहून हातोडीचा दांडा पुसत राहिले.

"तो तुम्हाला आई म्हणतो, ते मला आवडत नाही," ते म्हणाले.

साठीला आलेला माणूस! मी तोंडाला पदर लावला. आई हसली नाही.

"अहो, त्यांचीही मी सासूच आहे."

"असाल. पण तिकडेच राहिलात तर?"

"तर काय?"

"तर इथे मी ठोकू कुणासाठी?"

आईने हात पुढे केला, तो ह्यांच्या मनगटाला लागला. ग्रीस लागलं, तरी तिने मनगट सोडलं नाही. "गाडी पुरी करा," ती म्हणाली. "आणि नीट करा. माझं अंथरूण आहे वर."

मग जे काम झालं ते ह्यांनी कुठल्याच गाडीचं केलं नव्हतं. उरलासुरला तांबूस गंज औषध लावून काळा पाडला, सुकू दिला, प्रायमर दिला. चॅसिसच्या पोकळ्यांत नळी घालून पातळ मेण सोडलं. पाणी निथळायची भोकं लेपाने बुजू नयेत म्हणून प्रत्येकात लाकडाची खुंटी ठोकली आणि लेप दिल्यावर एकूणएक उपसून काढली. पलंगाखाली जास्तीचा हात दिला. दाराशी न सांगता एक दांडा बसवला, आईला चढताना धरायला. आणि हे सगळं चालू असताना साडूंना शिव्या अखंड चालूच होत्या.

काम संपल्यावर आई म्हणाली, "एकदा वाजवा."

ह्यांनी पलंगाखाली हातोडी मारली. धप्प.

"आता आतलं काहीच कळत नाही हो."

"लेप चढला की नाही कळत," हे म्हणाले. "आधीच ऐकून घ्यावं लागतं."

निघायच्या दिवशी धाकटे जावई स्टिअरिंगवर बसले होते, धाकटी शेजारी, आई मागे खिडकीत. ह्यांनी साडूंना खिडकीशी गाठून बजावलं, "दर वर्षी गाडी इथे आणायची. लेप तपासावाच लागतो. नाही आणलीत तर माझी जबाबदारी संपली."

मी हसू दाबलं. बाकीच्या गिऱ्हाइकांना हे छातीठोकपणे सांगतात, तीन वर्षं लेपाकडे बघायला नको. आणि ते ऐकायला दारातल्या खुर्चीत कोण बसलेलं असायचं?

गुलाबी पडदा बाजूला झाला. "गाडी फार जुनी आहे हो," आई धाकट्या जावयांना म्हणाली. "सहा महिन्यांनी आणलेली बरी."

"सहा महिने?" त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "खरंच का, दादा?"

ह्यांनी काळ्या हातानेच डोळा पुसला आणि पार कपाळापर्यंत काळं करून घेतलं.

"त्यांना कळतं त्यातलं," ते म्हणाले. "सहाच."