ताईची युनिट्स

हे मी माझ्या बायकोला, नीतालाही सांगितलेलं नाही. इथं जपानात, नागोयात नऊ वर्षं झाली, त्यातली आठ हे पोटात ठेवून. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

माझी थोरली बहीण कराडला एका दवाखान्यात नर्स होती. एकटीच असते. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतले चार लाख तिनं माझ्याकडे दिले. तिला स्वतःची एक खोली घ्यायची होती. तोवर पैसे वाढावेत एवढंच. मी तेव्हा पुण्यात होतो. म्युच्युअल फंडात टाकू म्हटलं. कागदपत्रांचा कंटाळा — म्हणून माझ्याच नावावर टाकले.

तिला फंड समजावून सांगितला होता, चांगला समजावला होता. हजारो लोकांचे थोडे थोडे पैसे एकत्र होतात, त्या मोठ्या रकमेतून फंडवाले पन्नासेक कंपन्यांचे शेअर घेतात. ज्याचे जेवढे पैसे, तेवढी त्याची युनिट्स. युनिटचा भाव वर-खाली होतो. पण एखादी कंपनी बुडाली तरी बाकीच्या सावरून धरतात.

पुढच्या वर्षी कंपनीनं मला इथं पाठवलं. आणि मला गाडी हवीशी वाटली. गरज होती का? सबवेचं स्टेशन घरापासून सात मिनिटांवर. पण ऑफिसातल्या बाकीच्या मराठी मंडळींकडे गाड्या होत्या, नव्या — आणि मी ताईची युनिट्स विकली. जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर. दोन मिनिटं लागली.

सहा महिन्यांनी ताईला मनासारखी खोली सापडली. तिचा फोन आला. बाजार त्या सुमारास पडला होता — थोडासाच. मी म्हणालो, "ताई, फंड बुडाला गं."

ताईनं विचारलं, "पन्नासच्या पन्नास कंपन्या एकदम बुडाल्या?"

"होतं कधीकधी तसं."

तसं होत नाही. भाव उतरतो, सगळं असं एका फटक्यात शून्यावर येत नाही. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता — आणि तिनं प्रश्न सोडून माझ्यावर विश्वास ठेवला. वर म्हणाली, "तुझेही गेले असतील ना रे? नीताला एवढ्यात सांगू नकोस, घाबरेल ती."

ताई अजून भाड्यानंच राहते. कुणी फंडाचं नाव काढलं की त्यांना नको म्हणून सांगते. मी दरमहा तिला पैसे पाठवतो. त्यांची बेरीज चार लाखांच्या पुढे केव्हाच गेली. त्या खोलीची किंमत त्याहून कितीतरी पुढे गेली.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिनं घरमालकीणबाईंना फोनसमोर बोलावलं. "हा माझा भाऊ. जपानहून दर महिन्याला न चुकता पाठवतो. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

बाईंनी हात जोडले. मीही जोडले.