कवड्या परत करायला

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, समुद्र बघायला निघाल्याच नव्हत्या. देवीची माळ त्यात टाकून द्यायला निघाल्या होत्या. मी आपली सोबतीला.

तेरला आमच्या घरात तुळजापूरच्या देवीची परडी आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून आत्या पाच घरी जोगवा मागायच्या. सासूनंतर ती माळ सुनेच्या गळ्यात, असा आमच्यात रिवाज. मी धाराशिवला कचेरीत कारकून. जोगवा मागताना आपल्याला साहेबानं बघितलं तर काय, अशी धास्ती मला पूर्वी वाटायची. मग आठ महिन्यांपूर्वी आमचे हे गेले. शेतातून आले, छातीत कळ आली म्हणाले, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मला कशाचीच धास्ती वाटेना. रडू येईना, भूक लागेना. दहाव्याला बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या, काय बाई दगड हाय. मला त्याचाही राग आला नाही. तेराव्यानंतर मी डबा भरून कामावर गेले.

आत्यांनी मात्र परडी उचलून फडताळात सारली आणि जोगवा बंद केला. "माझा एकुलता एक लेक नेला तिनं. आता कुणासाठी मागू?" लेकरंबाळं आम्हाला झाली नाहीत. घरात आता त्या आणि मी, आणि बोलण्यासारखं काही नाही. एक दिवस त्याच म्हणाल्या, "ह्या कवड्या समिंदरातनं येत्यात म्हणं. समिंदर एकदा दाखवतो म्हणला हुता त्यो मला. तू चल. जिथल्या तिथं टाकून येऊ."

नणंद फोनवर ओरडली, "वैनी, आवर तिला! घराचं वाटुळं हुईल!" मी म्हणाले, अजून काय व्हायचं राहिलंय? आणि रजा टाकली.

एसटीत आत्या फुकट आणि मी अर्ध्या तिकिटात, म्हणून तर जमलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून बांधून घेतली. येडशी मागं पडलं तसे आत्यांनी डोळे मिटले ते पुण्यातच उघडले. पुण्याहून दुसरी गाडी. घाट उतरताना त्यांना उलट्या झाल्या. मी पाठ चोळत होते आणि माझं लक्ष दुसरीकडंच होतं. कुठं, ते सांगता येत नाही.

ते गाव म्हणजे एका काळची मोठी हौसेची जागा. लग्न झालं की जोडपी इथंच यायची. आता लोक पुढच्या नव्या किनाऱ्यांवर जातात, म्हणून इथं स्वस्त. लॉजच्या भिंतीवर रंगवलेली छत्रीवाली बाई, तिचं तोंड उन्हानं पुसून गेलेलं. आत हिरवी मोझॅकची फरशी, वेताच्या खुर्च्या, आरशावर रंगवलेली दोन बदकं. लॉजवाले काका जुन्या सवयीनं म्हणाले, "समुद्राकडची खोली देऊ? थोडी महाग पडेल." मी म्हणाले, मागची द्या. मागच्या खोलीतून पाण्याची टाकी दिसायची. आत्या म्हणाल्या, "बरं झालं. रातभर त्याच्याकडं बघत कोण बसंल?"

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र जागेवर नव्हता! लांबवर नुसती ओली वाळू, मध्ये काळे खडक, आणि त्याच्याही पलीकडं पाण्याची एक बारीक रेघ. आत्या कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ह्यो बी आटला व्हय गं?"

"उन्हाळा आहे ना," मी म्हणाले. मी चांगली शिकलेली बाई. भरती-ओहोटी मी पुस्तकात वाचलेली, परीक्षेत लिहिलेली. तरी तोंडातून तेच आलं. आमच्याकडं पाणी मागं सरतं ते सरतंच.

चालत चालत पाण्यापर्यंत गेलो. आत्यांनी पिशवीतून हळदीच्या फडक्यात बांधलेली माळ काढली, फडकं सोडलं, हात वर केला. आणि तसाच राहिला हात. मी वाट बघत उभी. टाका एकदाची, असं मनात म्हणत होते. लाटा पायाशी येत होत्या आणि आत्या माळेच्या गाठीवरून अंगठा फिरवत होत्या.

ह्यांच्या शेवटच्या नवरात्रात ही माळ उंबऱ्यात तुटली होती. कवड्या अंगणभर झाल्या. ह्यांनी गुडघ्यावर रांगून एकेक कवडी गोळा केली, ताडपत्रीच्या नायलॉनच्या दोरीत ओवली, गाठीवर गाठ मारली, वर काडी पेटवून ती वितळवली. "आता म्हैस बांधली तरी तुटायची न्हाय," असं म्हणाले होते.

"देवीचं देवीला देते म्हणलं," आत्या म्हणाल्या, "पण गाठ त्याची हाय गं. ती कशी टाकू?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "ऊन चढलं. चहा घेऊ."

वर रस्त्याकडेला चहाची टपरी होती, आणि तिला लागूनच मासे तळत होते. मंगळवारी देवीची माळ मासळीच्या वासात कशी न्यायची? मग आत्यांनी त्यातल्या त्यात स्वच्छ खडक शोधला, माळ परत पिशवीत घालून ती त्यावर ठेवली. वाळूत रुतणाऱ्या चपलाही काढल्या, पण त्या तिला लागू नयेत म्हणून बऱ्याच लांब ठेवल्या. धरणाच्या काठी आम्ही असंच करतो. दगडावर ठेवलेली वस्तू संध्याकाळी त्याच दगडावर असते. इथं कोण नेणार होतं?

चहा झाला. गोटीसोडा दिसला, तो दोघींत एक घेतला. आत्यांना आवडला. हातानं फिरवायचा पाळणा होता, गंजलेला, त्याच्या सावलीत आत्यांचा डोळा लागला. मी समोर बघत बसले होते. पाणी जवळ येताना मला दिसत होतं. दिसत होतं, पण आत काही पोचत नव्हतं.

आत्या जागी होऊन ओरडल्या, तेव्हा खडक बुडाला होता आणि पिशवी पाण्यावर तरंगत चालली होती. आत रिकामी पाण्याची बाटली होती ना, तिनंच तिला तारलं होतं. चपला तर कधीच गेल्या होत्या.

मी धावले. साडीनिशी आत शिरले. गुडघा, कंबर, छाती. मला पोहता येत नाही. एवढं खोल पाणी मी विहिरीत वाकून तेवढं बघितलेलं. पिशवी हातभर पुढं, मी एक पाऊल टाकलं की तीही तेवढीच पुढं. पायाखालची वाळू निसटत होती. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. अजून एक पाऊल, मग अजून एक, एवढंच डोक्यात होतं. तिथून मागं यायचंय, हे डोक्यात नव्हतंच.

"अगं ए! माघारी फिर!"

मी वळून बघितलं. आत्या गुडघाभर पाण्यात उभ्या, पदर लाटेत, दोन्ही हात वर.

"जाऊ दे ती माळ! आग लागो माळंला! तू ये! तू ये माझ्याकडं!"

पिशवीला माझी बोटं लागली होती. एक लाट तोंडावर आली, नाकातोंडात खारट पाणी गेलं, आणि डोळे उघडले तेव्हा पिशवी दिसेना. मी फिरले. कशी आले ते आठवत नाही. आत्यांपाशी पोचले आणि त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. जीव खाऊन मारली. इतक्या वर्षांत त्या कधी मला वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, हात उचलणं तर लांबच.

"एक गेला! आता तू बी जातीस व्हय? मग मी कुणाकडं बघू?"

गाल पेटला. लई दुखला. आठ महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी दुखलं. मी तिथंच पाण्यात बसले आणि तोंड उघडं टाकून रडले, ह्यांच्या नावानं, लहान पोरीसारखी. आत्या माझं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या आणि लाटा दोघींना ढकलत राहिल्या.

परत आलो तेव्हा लॉजवाले काका पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून बसले होते. चिंब ओल्या, अनवाणी दोघी बघून ते खुर्चीतून उठलेच.

"अरे, काय झालं? काही हरवलं का?"

आत्यांनी माझं मनगट किनाऱ्यापासून धरलं होतं, ते अजून सोडलं नव्हतं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "कायबी न्हाय हरवलं."